रात्रीची गाडी: ओतूर ते वाशी, एका टेम्पोचालकाचं प्रकरण

दुपारी आमच्या शेतात उपटलेली मेथी दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईतल्या कुठल्यातरी हातगाडीवर असते. घेणाऱ्या बाईच्या बोटांना तिची माती अजून ओली लागते. मधल्या बारा-पंधरा तासांत त्या जुडीचं काय होतं, हे आम्ही पिकवणारेही नीट बघत नव्हतो. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की आमचं काम संपलं, असंच धरून चाललो होतो. जुन्नर तालुक्यात ओतूरच्या आसपास राहणाऱ्या आम्हा चौदा शेतकऱ्यांचा माल अकरा वर्षं एकच माणूस वाशीला नेतो आहे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. नाव छापू नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून इथेही तात्याच.

आमच्या भागात पाणी आलं ते कुकडी प्रकल्पामुळे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि आमच्या जवळचं पिंपळगाव जोगे, अशी ही पाच धरणं. पाणी आलं तशी बाजरीच्या रानात मेथी-कोथिंबीर उभी राहिली. पालेभाजीचं पीक महिन्या-सव्वा महिन्यात हातात येतं आणि पैसाही लवकर सुटतो. मात्र ती थांबत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, मेथी एक दिवसही ठेवता येत नाही. उपटली तरी ती जिवंतच असते, श्वास घेत राहते आणि स्वतःच्याच उष्णतेने तापते. आठ-दहा हजार जुड्या एकावर एक रचल्या की मधल्या थराला वाफ धरते. हात घातला तर चटका बसावा इतकी. तिथून पाला पिवळा पडायला फार वेळ लागत नाही, आणि पिवळी जुडी मार्केटात कोणी फुकटही उचलत नाही.

आमची जुनी माणसं अजून 'माल भायखळ्याला धाडला' म्हणतात. भायखळ्याचा भाजीबाजार १९९६ मध्ये वाशीला हलला, पण जिभेची सवय गेली नाही. रस्ता मात्र तोच, माळशेज घाटाचा. पूर्वी त्याला २२२ नंबरचा हायवे म्हणत, आता तो ६१ आहे. ओतूर, डिंगोरे, मढ, खुबी, मग घाट. खाली उतरलं की टोकावडे, सरळगाव, मुरबाड, कल्याण, शिळफाटा, महापे आणि वाशी. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंच? पण हा रस्ता रोज रात्री, चौदा फुटी आयशर भरून, क्लीनरशिवाय कापायचा असतो. पावसाळ्यात घाटात धुकं इतकं उतरतं की बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही, आणि कड्यावरून दगड कधी येईल याचा नेम नसतो.

तात्यांचा दिवस आमच्या दिवसाच्या उलटा. संध्याकाळी पाचला गाडी पहिल्या वाडीवर लागते. तिथून एकेका बांधावर थांबत माल भरायचा. भाडं डागावर, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यावर, म्हणून प्रत्येकाचे डाग मोजून वहीत लिहायचे. जुड्या रचायच्या त्या मुळं बाहेर, पाला आत अशा, मधे हवेला वाट ठेवून. वर ओलं गोणपाट आणि ताडपत्री. वाशीला पोचलं की गाडी गाळ्यासमोर लावायची आणि माथाडींकडून उतरवून घ्यायची. पहाटे तीन-चारला किरकोळ विक्रेते येऊ लागतात आणि पालेभाजी सगळ्यात आधी विकली जाते. उजाडल्यावर अडत्याकडून प्रत्येकाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, आणि रोकड घ्यायची, रिकामी गोणपाटं गोळा करायची आणि परत घाट चढायचा. दुपारी एक-दीडला गावात पोचून घराघरात पट्ट्या वाटायच्या. अकरा वर्षांत एकाही पट्टीतला एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. आमच्यातल्या दोघांना वाचता येत नाही. तात्या त्यांच्या ओट्यावर बसून हमाली, तोलाई, भाडं, सगळं वाचून दाखवतात आणि मगच उठतात.

झोपेचा हिशोब यात कुठे बसतो, ते कोणी विचारलं नव्हतं.

ज्या रात्रीमुळे हे टिपण लिहावंसं वाटलं ती दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली. चार दिवस पाऊस लागून होता आणि त्यामुळे भाव चढला होता. कोथिंबिरीला भाव आला की आमच्याकडे एक ठरलेली गोष्ट घडते. ज्याच्या रानात अजून चार दिवस उभा राहू शकेल असा माल आहे, तोही आजच काढतो. त्या दिवशी मीही काढला. जुड्या बांधायला बायका मिळेनात, चिखलात मुळं धुवायला वेळ लागला. साडेआठला गाडी निघायला हवी होती. माझा माल भरून झाला तेव्हा सव्वादहा वाजले होते, आणि माझ्यानंतर अजून दोन बांध बाकी होते. गाडी ओतूरच्या बाहेर पडली ती अकरा वाजून दहा मिनिटांनी. तात्या एका शब्दाने बोलले नाहीत. चुलतभाऊ म्हणाला, "तात्या, आज लई खोटी झाली तुमची." ते म्हणाले, "असू दे. पावसात तुमचेबी हाल होत्यात."

घाटात दरड आली होती. मोठी नव्हे, पण दगड आणि एक झाड आडवं. त्याच्या आधी तासभर सगळ्या गाड्या निघून गेल्या होत्या. साडेआठला निघाले असते तर तात्याही तोवर मुरबाडात असते. त्याऐवजी बाराच्या सुमारास ते बोगद्याच्या अलीकडे रांगेत अडकले आणि तीन तास तिथेच उभे राहिले. मोबाइलला रेंज नाही. पुढच्या-मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर काचा वर करून आडवे झाले. झोपेसाठी याहून चांगली सबब कोणती?

तात्या झोपले नाहीत. त्यांनी ताडपत्रीची मागची बाजू सोडली आणि आत हात घालून पाहिलं. वाफ धरायला सुरुवात झाली होती. मग बॅटरी तोंडात धरून, पावसात, मधल्या थरातल्या जुड्या काढून त्यांनी वरच्या बाजूला मोकळ्या रचल्या आणि मधे विहिरीसारखी पोकळी केली. तिघा-चौघांचं काम एका माणसाने अंदाजाने केलं. रस्ता मोकळा झाल्यावर खाली टोकावड्याच्या पुढे रेंज आली तेव्हा पहिला फोन अडत्याला लावला: "घाट बंद होता. माल चांगलाय. गिऱ्हाईक धरून ठेवा." दुसरा फोन मला. पहाटेचे चार वाजत आले होते. मला वाटलं अपघात झाला. ते म्हणाले, "काळजी करू नका, माल वाचलाय." स्वतःबद्दल काही नाही.

वाशीला पोचले तेव्हा उजाडलं होतं. पहिली गिऱ्हाइकं निघून गेली होती, त्यामुळे भाव त्या दिवसाच्या वरच्या भावापेक्षा कमी पडला, पण माल हिरवा होता आणि सगळा विकला गेला. पट्ट्या घेऊन ते गावात आले दुपारी साडेतीनला. माझ्या फाटकाशी गाडी थांबली, इंजिन बंद झालं, पण कोणी उतरलं नाही. मी जाऊन बघितलं तर तात्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून झोपले होते. मांडीवर पट्ट्यांची पिशवी आणि तिचा बंद मनगटाला गुंडाळलेला. अंगावरचा शर्ट पाठीवर ओला होता तो पाठीवरच वाळला होता. मी त्यांना उठवलं नाही. शेजारच्या सीटवर त्यांची वही उघडी पडली होती, ती हातात घेतली.

त्या वहीत डागांच्या हिशोबाशिवाय आणखी एक नोंद रोज असते: ओतूर सोडलं किती वाजता, घाट किती वाजता, वाशी किती वाजता. माल खराब निघाला तर दोष कोणाचा यावरून वाद होतात, म्हणून त्यांनी ती सवय लावून घेतली होती. मी मागची पानं चाळत गेलो. ओतूरची वेळ साडेआठ असलेलं पान क्वचित होतं. नऊ दहा. साडेनऊ. दहा पाच. पण वाशीची वेळ जवळजवळ रोज सारखीच, एकच्या आगेमागे. दहाला निघालेला माणूस साडेआठला निघालेल्याच्याच वेळेला कसा पोचतो? मधला चहा सोडतो. सरळगावला वीस मिनिटं डोळा लावायची जागा ठरलेली, ती सोडतो. आणि घाटात गाडी थोडी जास्त सोडतो. आम्ही बांधावर घालवलेला प्रत्येक अर्धा तास तात्या स्वतःच्या झोपेतून आणि ब्रेकमधून भरून काढत होते. आम्ही त्याला वक्तशीरपणा म्हणत होतो आणि चारचौघांत कौतुकाने सांगत होतो.

माणसाचं शरीर रात्री दोन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात जास्त सुस्तावतं. कितीही वर्षांची सवय असली तरी हे पूर्ण बदलत नाही. डोळे उघडे असताना मेंदू काही क्षण मिटतो आणि माणसाला ते कळतही नाही. ताशी पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत चाळीस मीटरहून जास्त पुढे जाते. माळशेजच्या वळणांवर चाळीस मीटर म्हणजे काय, ते तिथून गेलेल्याला सांगायला नको.

पहिल्यांदा आम्ही चूक केली, तीही मनापासून. गणपतीत मंडळाच्या मांडवात तात्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, फेटा, दोन भाषणं. कोरोनाच्या काळातली आठवण मीच सांगितली. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, ढाबे बंद, पंक्चरवाला बंद, चहाची टपरी बंद. भाजी अत्यावश्यक म्हणून काचेवर पास चिकटवून तात्या जात राहिले, बायकोने बांधून दिलेल्या दोन वेळच्या भाकरीवर. वाशीचं मार्केट मे महिन्यात, ११ ते १७ तारखेला, रुग्ण वाढल्यामुळे पूर्ण बंद झालं, तेवढाच त्यांना खंड मिळाला. मुंबईहून येतात म्हणून गावाने त्यांना वेशीबाहेर थांबवलं होतं. ते गाडीतच राहत आणि आम्ही पारावर ताट ठेवून लांब उभे राहायचो. हे सांगताना माझा आवाज गेला. तात्यांच्या डोळ्यांतही पाणी आलं. तो सत्कार खोटा नव्हता.

पण कार्यक्रम संपेपर्यंत नऊ वाजून गेले. माल भरायचा राहिला होता. त्या रात्रीची नोंद मी नंतर वहीत पाहिली: ओतूर १०.२०. फेटा काढून ते थेट गाडीत बसले होते.

दसऱ्यानंतर आम्ही चौदाजण परत बसलो, या वेळी हारांशिवाय. तात्यांनाच विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? बराच वेळ त्यांनी टाळलं. मग म्हणाले, "गाडी आठला हलू द्या. बाकी मला काय नको." एवढी साधी मागणी इतकी वर्षं त्यांच्या मनात होती आणि ते बोलले नव्हते, कारण माल आमचा, रान आमचं, गरजही आमची. भाड्यावर पोट असलेला माणूस शेतकऱ्याला 'आवरा' म्हणत नाही.

आठचा नियम आम्ही केला. पाळायला तो किती अवघड आहे ते पहिल्या पंधरवड्यातच कळलं. उपटलेली मेथी मागे ठेवायची म्हणजे तिचं नुकसान डोळ्यांनी बघायचं. दोघांचा माल मागे राहिला, एक माझा चुलतभाऊ. दुसऱ्या दिवशी त्याला तो ओतूरच्या बाजारात मिळेल त्या भावाला द्यावा लागला आणि आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग नियम मोडला तो खुद्द तात्यांनी. एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईची कोथिंबीर बांधून झाली नव्हती, तर पाऊण तास थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "म्हातारीचा माल कसा सोडू? तिला त्याच्यावर औषध आणायचंय." त्यांचं बरोबर होतं. नियम चुकीचा नव्हता, अर्धा होता. तेव्हापासून असं ठरलं की ज्याचं आधी आवरेल त्याने मागे राहिलेल्याच्या बांधावर जायचं. साडेसातला आता तिच्या रानात चार-पाच जण जुड्या बांधत बसलेले दिसतात. गाडी हलते ती आठ ते सव्वाआठच्या दरम्यान. पावसाळ्यात अजूनही कधी नऊ होतात.

दुसरी गोष्ट खोटीची, म्हणजे खोळंब्याच्या पैशांची. आठनंतर आमच्यामुळे थांबलं तर त्या वेळेचे पैसे भाड्याव्यतिरिक्त द्यायचे आणि पट्टीतूनच कापून घ्यायचे. तात्यांना हे मान्य नव्हतं, लाज वाटते म्हणाले. पण खोटी द्यायला लागल्यावर लोकांची घड्याळं नीट चालू लागली. तिसरी, आठवड्यातून एक रात्र बदली ड्रायव्हर. यावर तात्या सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले. पहिल्या सुट्टीच्या रात्री दीड वाजता त्यांनी त्या पोराला फोन केला, पोचलास का. तात्यांचे डोळे तपासून घेतले, तर चष्म्याचा नंबर निघाला. समोरच्या दिव्यांभोवती त्यांना गेली काही वर्षं वलयं दिसत होती, ते त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ते तसेच घाट उतरत होते, हे ऐकून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कायद्याकडे बघितलं तर तात्यांसारख्या माणसाला तिथे जागा सापडत नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती, सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एकच गाडी, मालकही आपण आणि ड्रायव्हरही आपण, अशा माणसाचे तास कोण मोजणार? वाशीत त्यांचा माल उतरवणाऱ्या माथाडींना १९६९ च्या कायद्याने मंडळ दिलं, नोंदणी आणि हक्क दिले. ते लढून मिळवलेलं आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण फाळक्याच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या झडपेच्या, आतला माल आणणारा माणूस त्यात नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं. तात्यांची गाडी त्याआधीची आहे, केबिनमध्ये इंजिनाचा ताप पायाला लागतो, आणि नवी गाडी घेण्याचं वय आता उरलं नाही असं ते म्हणतात. २०२४ च्या जानेवारीत हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी चाकं थांबवली तेव्हा पंपांवर रांगा लागल्या आणि दोन दिवस सगळा देश ड्रायव्हरांबद्दल बोलत होता. त्या दोन दिवसांत तात्या घरी शांत झोपले, असं त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलं.

जे जमलं नाही ते वाशीच्या टोकाला आहे. आठला निघालेली गाडी साडेबारा-एकला पोचते, म्हणजे उतरवण्याआधी दोन तास मोकळे मिळतात. पण झोपायचं कुठे? केबिनमध्येच. दोन्ही बाजूंना हॉर्न, आरोळ्या, फाळके आपटल्याचे आवाज, आणि गाडी पुढे घ्या म्हणून काचेवर थाप. अंघोळीची धड जागा नाही. आम्ही अडत्याशी बोललो, त्यांनी गाळ्याच्या माळ्यावर झोपायला हरकत नाही म्हटलं. तात्या एकदा गेले आणि परत आले. माल खाली सोडून वर झोप लागत नाही म्हणाले. हे गावातून सुटणारं काम नाही.

मागच्या पौषात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. घाट उतरताना थंडी इतकी की दोन्ही काचा वर होत्या, आणि ते सबंध घाटात एक शब्द बोलले नाहीत. सरळगावला चहा घेतला. वीस मिनिटं त्यांनी सीटवर मान टाकली आणि मी घड्याळाकडे बघत बसलो. एकवीस मिनिटांनी आपोआप उठले. वाशीत एक वाजायच्या आत गाडी गाळ्यासमोर लागली. तात्यांनी पाय दुमडून अंगावर कांबळं ओढलं, पट्ट्यांची रिकामी पिशवी उशाला घेतली आणि मला म्हणाले, "माथाडी आले की उठवा. डाग मोजायचे असतात."

मी खाली उतरून केबिनच्या दाराशी उभा राहिलो. मेथीचा वास सगळ्या गल्लीत भरला होता. तीनच्या आसपास माथाडी आले. त्यातला म्होरक्या पन्नाशीचा, सातारकडचा बोलीवरून वाटला. तो थाप मारायला हात उचलणार तेवढ्यात मी म्हटलं, "झोपलेत. डाग मी मोजतो. माझाच माल आहे."

त्याने काचेतून आत बघितलं. "तात्या व्हय?" म्हणाला. मग मागे वळून त्याने पोरांना काहीतरी खूण केली. दोघांनी कड्या काढल्या, फाळका हातावर पेलला आणि न आपटता हळूच खाली सोडला.